मशीनला दिसणारी दुसरी व्यक्ती

"यारू इल्लम्मा," बँकेत आलेले एक आजोबा मशीनला सांगत होते. कुणी नाहीये गं बाई. मशीन ऐकेना. परत तेच, एकदम गोड कन्नडमधे: तुमच्या मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला कृपया दूर व्हायला सांगा. आजोबांनी पुन्हा मागे वळून पाहिलं. रिकामी केबिन, बंद काचेचं दार, दाराबाहेर मी. शेवटी दार उघडून त्यांनी मलाच विचारलं, तुला तरी कोणी दिसतंय का?

मला कोणी दिसत नव्हतं. आणि ते मशीन मी बनवलं होतं.

एकटीने नाही हं. म्हैसूरमधे आमची छोटी कंपनी आहे. टीम म्हणजे मी आणि प्रज्वल. आम्ही बँकांसाठी किऑस्क बनवतो. किऑस्क म्हणजे एटीएमचा जास्त शिकलेला भाऊ: पैसे काढा, पासबुक छापा, चेक टाका, सगळं एकाच ठिकाणी. पहिलं मशीन जयलक्ष्मीपुरमच्या एका सहकारी बँकेच्या शाखेत बसवलं. आतलं सगळं सॉफ्टवेअर ओपन सोर्स. ही आयडिया माझी.

ओपन सोर्स म्हणजे काय, ते मी पप्पांना असं सांगितलं (पप्पांचं टेलरिंगचं दुकान आहे): कोणीतरी ब्लाउजच्या कटिंगचा कागद सगळ्यांना देऊन टाकलाय. घ्या, बदला, वापरा. शिवायचं आणि फिटिंग करायचं मात्र आपणच. पप्पांना कळलं. आमचे बॉस गुरुप्रसाद सर, त्यांच्या डोक्यात एकच शब्द बसला. फुकट.

आता प्रॉब्लेम. एटीएममधे मागून डोकावून पिन बघणारे असतात ना, त्यांच्यासाठी आम्ही कॅमेरा लावला. तो कोण आहे ते ओळखत नाही, फक्त चेहरे मोजतो. एक चेहरा, काम चालू. दोन चेहरे, मशीन थांबतं आणि वरचं वाक्य बोलतं. ऑफिसमधे मस्त चाललं. शाखेतही सुरुवातीला मस्त चाललं. मग दसऱ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. मशीन कुणाचं काम करतं, कुणाला हाकलतं. त्यातही म्हाताऱ्यांना आणि बायकांना जास्त.

सरांनी प्रज्वलला पाठवलं. तो गेला, पैसे काढले, पासबुक छापलं, परत आला. "एव्हरीथिंग ओके." दुसऱ्या दिवशी परत तक्रारी. परत प्रज्वल. परत ओके. मी शाखेच्या मॅनेजर सावित्री मॅडमना फोन करून विचारलं, तिथे काही बदललं का? नवीन लाइट, आरसा, पोस्टर, कॅलेंडर? "एनू इल्ल, काही बदललं नाही." मी रोज विचारायची, त्या रोज तेच सांगायच्या. कॅमेऱ्याने काय पाहिलं ते बघावं म्हटलं तर फोटो सेव्हच होत नाहीत. लोकांची प्रायव्हसी म्हणून मीच तसं लिहिलं होतं. मशीन मला फक्त आकडा देत होतं. दोन.

तेवढ्यात बँकेचे चेअरमन स्वतः मशीन बघायला येणार असं ठरलं. आवडलं तर सगळ्या शाखांत आमचंच. नाही तर एका मोठ्या कंपनीचं तयार मशीन घेणार, आमचं प्रोजेक्ट बंद, आणि मी व प्रज्वल कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला. सर म्हणाले, "फुकटचं आणलंस, आता बघ तूच."

म्हणून मी त्या दिवशी शाखेत होते. आजोबांना काउंटरवर पाठवलं, चप्पल बाहेर काढली, केबिनमधे गेले, नमस्कार केला, लॅपटॉप जोडला आणि कॅमेऱ्याला लाइव्ह काय दिसतंय ते स्क्रीनवर लावलं. सापडलेल्या प्रत्येक चेहऱ्याभोवती प्रोग्रॅम हिरवा चौकोन काढतो. एक चौकोन माझ्याभोवती. दुसरा माझ्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर, चामुंडेश्वरीच्या चेहऱ्याभोवती.

अय्यो.

आयुधपूजेला शाखेत सगळ्या मशीनांची पूजा झाली होती. आमच्याही. मग स्टाफने देवीचा मोठा फ्रेम केलेला फोटो केबिनमधे लावला, बरोबर मशीनच्या समोर, तिची नजर मशीनवर राहावी म्हणून. प्रज्वल सहा फुटी. तो उभा राहिला की देवी झाकली जायची, सगळं ओके. आजोबा, बायका, मी, आमच्या डोक्यावरून देवी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. पप्पा सहा फुटी माणसाचं माप घेऊन माझा ब्लाउज शिवतील का? आम्ही तेच केलं होतं.

मी धावत सावित्री मॅडमकडे. मॅडम, तुम्ही फोटो लावलात ते सांगितलं का नाही?

"तू विचारलंस काय बदललं. देवी बसवली त्यात बदललं काय?"

दोनच मिनिटांपूर्वी मीसुद्धा त्याच फोटोला नमस्कार करून आत शिरले होते आणि मलाही तो दिसला नव्हता.

फोटो हलवूया म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारूच नका. पूजा करून बसवलेली देवी. "मशीन हलव," म्हणाल्या. मशीन जमिनीत बोल्ट मारून बसवलंय. सरांना फोन केला तर ते म्हणाले, देवीच्या भानगडीत मला ओढू नको.

मग राहिला कोड. आणि तो आमच्या हातात होता, म्हणूनच तर मी ओपन सोर्सच्या मागे लागले होते. बंद सॉफ्टवेअर असतं तर कंपनीला मेल लिहा, मग वाट बघा. इथे मी तिथेच बसून नवा नियम लिहिला: जो चेहरा अजिबात हलत नाही, आहे तसाच राहतो, तो मोजू नको. चाललं. स्टाफमधल्या सगळ्या बुटक्यांना उभं करून बघितलं, सगळ्यांचं चाललं. मला नाचावंसं वाटत होतं.

चेअरमन आले. साधे, म्हातारे, माझ्याएवढेच उंच. गुरुप्रसाद सर इस्त्रीच्या शर्टात. चेअरमननी कार्ड घातलं, आम्ही सगळे काचेबाहेर. मशीन गोड आवाजात म्हणालं, तुमच्या मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला कृपया दूर व्हायला सांगा.

सर माझ्याकडे बघत होते. मी फोटोकडे. साहेब येणार म्हणून देवीला ताजा हार, आणि फ्रेमभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ. लुकलुकणारी. दिवे बदलले की चेहऱ्यावरचा रंग बदलायचा. म्हणजे मशीनच्या मते चेहरा आहे तसा राहिला नव्हता. देवी जिवंत झाली होती.

चेअरमननी मागे वळून पाहिलं, हात जोडले आणि दार उघडून विचारलं, "नोडम्मा, बघ गं बाई, हिला दूर व्हायला मी सांगू?"

मी आत गेले आणि माळेचा प्लग काढला. सावित्री मॅडमचा चेहरा बघायची हिंमत नव्हती. मशीनने साहेबांचं पासबुक छापलं, पैसे दिले, धन्यवाद म्हटलं. बाहेर आल्यावर त्यांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. दुसऱ्या कंपनीच्या मशीनमधे असं झालं तर दुरुस्त कोण करणार, हे त्यांनी सरांना विचारलं. नंतर सर सगळ्यांना सांगत होते की ओपन सोर्स घेण्याचा निर्णय त्यांचा होता.

बाकीच्या शाखांचं काम आम्हाला मिळालं. अट एकच: देवी आणि दिवे दोन्ही राहतील. म्हणून आता भिंतीचा तेवढा तुकडा कॅमेऱ्याने बघायचाच नाही, असं प्रत्येक शाखेत जाऊन मी सेट करते. काही बदललं का, असं मी आता कुणाला विचारत नाही. आत शिरल्याबरोबर विचारते, देव कुठे बसवणार? आणि टेस्टिंगला प्रज्वलला नेत नाही.