सुभेदाराला ओ देणारे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी सकाळचा कुकर लावत होते. "शालन..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली. तिच्या मागे तित्तर ओरडत होतं. नेहमीसारखंच, आधी घसा खाकरल्यासारखं बारीक आणि मग ती-ती-तर, ती-ती-तर करत चढत जाणारं. ओरडून थांबलं, वाट बघितल्यासारखं गप्प राहिलं, पुन्हा ओरडलं. त्याला कोणी ओ देत नव्हतं. अक्का पुढे काही बोलायच्या आत मला कळलं, दाजी गेले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि औंधच्या पलीकडे आपल्या गावी येऊन ऊस करू लागले. महिना उलटून गेला त्यांना जाऊन. सावडायच्या दिवशी गावकऱ्यांनी भाषणं केली. कोणी त्यांच्या नोकरीबद्दल बोललं, कोणी म्हणालं, असा नेमबाज तालुक्यात झाला नाही. उडतं पाखरू खाली आणायचे, एका बारात! मी डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसले होते आणि मान खाली घालून ऐकत होते. त्या नेमाचं कौतुक मी काही कमी केलेलं नाही. सांगलीत मी शिकवते त्या शाळेत, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता मी ते कितीदा रंगवून सांगितलंय.

दाजींची शिकार पोटासाठी नव्हती. पेन्शन होती, ऊस होता, घरात कशाला कमी नव्हतं. तो निव्वळ शौक होता. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून बंदुकीचा परवाना काढलेला, आणि डुक्कर त्या बंदुकीनं कधी बघितलंही नसेल. तित्तर मारणं गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. गवत कापताना त्यांना माळावर एक पिल्लू सापडलं होतं. वाळवी खाऊ घालून त्यांनी ते वाढवलं आणि त्याचं नाव ठेवलं सुभेदार. "मी हवालदारच ऱ्हायलो, ह्यो माझ्यावरचा सायेब," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अंगणात दाजी पुढे आणि सुभेदार मागे, मान ताठ करून. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

पण सुभेदाराला काम होतं. थंडीत शाळेला सुट्टी लागली की मी सांगलीहून विट्यामार्गे अक्काकडे जायची. दाजी भल्या पहाटे हाक मारायचे, "शालन, चल गं, सायबाला घी." खांद्यावर बंदूक घेऊन ते पुढे, आणि कापड टाकलेला पिंजरा घेऊन मी मागे. यमाईच्या डोंगराच्या अंगाला झुंजुमुंजू झालं की पिंजरा बोरीच्या जाळीशी ठेवायचा आणि कापड काढायचं. सुभेदार ओरडला की माळावरून दुसरं तित्तर ओ द्यायचं. मग जवळून. मग आणखी जवळून... आणि शेवटी गवतातून मान पुढे काढून ते धावत यायचं. दाजींचा एक नियम होता. "बसल्याला मारायचं न्हाई. त्येला बी संधी पायजे." खडा मारून ते पाखरू उडवायचे आणि मग बार टाकायचे. पडलेलं पाखरू मी उचलून आणायची. हाताला अजून कोमट लागायचं. हे लिहिताना हात अडखळतो, पण मला ते सगळं फार आवडायचं. थंडी, गवताचा वास, बार झाल्यावरची शांतता... आणि दुपारचा रस्साही.

अक्काला ते स्वयंपाकघरात चालत नसे. परसात तीन दगड मांडून दाजी स्वतःच शिजवायचे. एकदा असंच जेवण चाललेलं, चुलतभाऊ वगैरे आलेले. अक्का भाकऱ्या आणून टाकत होती. टाकता टाकता म्हणाली, "हाका मारून बोलवायचं, आन् आल्यावर मारायचं. वर म्हणायचं, आमी उडू देतो!" दाजी हसले. "आगं, ते काय पावणं म्हणून येतंय व्हय? भांडाय येतंय ते. आपल्या हद्दीत कोण शिरलंय, ते बघाय येतंय." मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. तित्तराची तंगडी हातात होती, तोंडात घास होता, आणि मी म्हणाले, "आवं दाजी, मग तुमी तरी बॉर्डरवर दुसरं काय करत हुता?"

सगळे खो खो हसले. पहिल्यांदा दाजीच हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि गोठ्याकडे निघून गेले. माझं जेवण मात्र नीट झालं... अगदी बोटं चाटून. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पिंजऱ्याला हात घातला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज." ते 'आज' पुन्हा संपलं नाही. पुढे निवडणुकीला सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निकाल लागल्यावर बाकीच्यांनी आपापल्या परत आणल्या, दाजी आणायला गेलेच नाहीत.

माझ्या एका वाक्यानं शिकार सुटली म्हणून मी कितीतरी वर्षं मिरवत होते. शाळेतही सांगितलं. पहिल्या गोष्टीला जेवढी दाद मिळायची, तेवढीच हिलाही मिळाली. अक्कानं मात्र मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "लय मनाला लावून घेतलंय गं त्येनी. रातचं उठून बसत्यात." आमची करमणूक झाली होती, आणि त्याचा भार दाजी एकटे वाहत होते. पिंजरा वाहून नेणारी मी मजेत झोपत होते.

सुभेदाराला त्यांनी सोडून बघितलं. माळावर नेलं, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पाठ फिरवून चालू लागले. घराजवळ आल्यावर मागे वळून बघतात तर मान ताठ करून सायेब मागे चालत आलेले. "ह्येला लपाय येत न्हाई, भांडाय येत न्हाई. कुठं सोडू आता?" असं म्हणून त्यांनी पिंजरा परसात टांगला तो कायमचा. पुढे कालव्याचं पाणी आलं, माळ नांगराखाली गेला, गवताच्या जागी ऊस उभा राहिला. सुभेदार ओरडायचा आणि पलीकडून काहीच यायचं नाही. मी त्यांची समजूत काढायला गेले, "दाजी, ही सगळी नांगराची करणी. एका बंदुकीनं माळ रिकामा होतो का?" त्यांनी आधी पिंजऱ्यात दाणे टाकले. मग म्हणाले, "नांगरानं गवत गेलं, शालन. पर जे हाकंला धावून येत हुतं, ते आपुन मारलं."

त्यांच्या 'आपुन'मध्ये मी होते. ते मला कधी टोचून बोलले नाहीत, पण त्या एका शब्दातून त्यांनी मला वगळलंही नाही.

त्यानंतरच्या एका सुट्टीत पहाटे जाग आली ती दोन तित्तरांच्या आवाजानं. एक परसातलं, आणि एक जरा लांबून ओ देणारं! मी अनवाणी धावत मागच्या दारी गेले. "दाजी, आलं बघा, माळावर आलं!" दाजी धुण्याच्या दगडावर बसले होते, तोंडाशी ओंजळ धरून. चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग ओशाळून म्हणाले, "रोज हाका मारतंय गं. कुनीच ओ देत न्हाई. मग मीच देतो." ओंजळ सोडून म्हणाले, "त्येच्या आवाजानं लय जनास्नी फशिवलं. आता माझ्या आवाजानं त्येला फशिवतोय. सुटका न्हाई बघ ह्यातनं." मी आत जाऊन चहा टाकला.

शेवटच्या वर्षात दम्यानं त्यांना धुण्याच्या दगडापर्यंतही जाववेना. मग खाट परसाकडच्या खिडकीशी ओढून घेतली. ओ देताना आवाज मध्येच तुटायचा, खोकला यायचा, अक्का रागवायची. तरी एक सकाळ चुकली नाही.

दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले तरी मी अक्काजवळ राहिले. सकाळ झाली की सुभेदार खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. मला ते ऐकवेना. एक दिवस मी मोबाइलवर तित्तराचा आवाज शोधला, अगदी खरा, रानातला, आणि मोबाइल खिडकीत ठेवून सुरू केला. सुभेदार पिसं फुलवून उसळला. ज्या पाखराला भांडता येत नाही म्हणून दाजी हळहळत होते, ते गजांवर अशा धडका द्यायला लागलं की चोचीतून रक्त आलं. अक्का चुलीपुढून पळत आली. "बंद कर! बंद कर ते आदी!"

मी बंद केलं. दाजींनी ओ दिल्यावर या पाखरानं कधी पीसदेखील फुलवलं नव्हतं. मान वाकडी करून ऐकायचं, आणि निवांत दाणे टिपायला लागायचं. म्हणजे ते फसत नव्हतं. एकदाही फसलेलं नव्हतं. मी अक्काकडे बघितलं. ती फडक्यानं पिंजऱ्याच्या गजावरचं रक्त पुसत होती. "त्येला ठावं हुतं की," ती म्हणाली. "तुज्या दाजीचा आवाज त्येला वळखू येनार न्हाई व्हय?"

सुभेदार दाजींनाच हाक मारत होता. आणि ते मात्र, आपण त्याला फसवतोय असं मानतच गेले... एवढी एक गोष्ट त्यांना कोणीतरी सांगायला हवी होती. मी त्यांच्या शेजारी कितीदा बसले, दोघांना ऐकलं, पाखराकडे डोळ्यांनी बघितलं. मला दिसायला हवं होतं. त्यांना लागेल असं बोलायला मला जेवताना सुचलं होतं, आणि बरं वाटेल असं काही सुचलं नाही.

आता मी सांगलीत आहे. अक्का सकाळी फोन करते. उसाला पाणी आलं का, गुडघा कसा आहे, असं बोलणं चालू असतं आणि मागे सुभेदार ओरडतो. मग अक्का बोलायची थांबते. मीही थांबते. त्याचं ओरडून होईपर्यंत आम्ही दोघी फोन कानाला लावून नुसत्या बसून राहतो.