सहा गोळ्या आणि बापाचं नाव

लाज वाटते, पण चहा ओतलाच आहे तर सांगून टाकतो. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मी नवा फौजदार झाल्तो, आमच्या घराण्यातला पहिला.

जालन्याबाहेर टेकडीपाशी आमची रिव्हॉल्व्हरची परीक्षा होती. पास झालो तरच नोकरी पक्की. दादा, म्हणजे माझे वडील, जाफराबादहून मुद्दाम एसटीनं आल्ते. जन्म हमालीत गेला त्यांचा. पोराचा नेम डोळ्यानं बघायचा होता.

उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे जुने हवालदार. ते कापसाचे बोळे वाटत होते. मला म्हणाले, "साहेब, कानात घाला. रायफलीची नळी लांब असते. ह्या रिव्हॉल्व्हरची वीतभर, सगळा धमाका तोंडावर येतो. अन् दोन्ही हातांनी बराबर धरा, झटका मोठा आहे."

दादांनी गुपचूप बोळे घातले. मी म्हणालो, "राहू द्या, उस्ताद." बापासमोर फौजदारानं कानात कापूस घालायचा? धरलं तेही एकाच हातानं, कोपर वाकवून.

चाप ओढला. दोन्ही कानशिलांवर कुणी एकदम ठेवून द्यावी, तसं झालं. रिव्हॉल्व्हर उसळून कपाळावर आदळलं, टोपी मागं पडली. कानात नुसती शिट्टी. उस्तादांचे ओठ तेवढे हलताना दिसले. ते "थांबा, थांबा" म्हणत होते. मला वाटलं, "मारा, मारा". उरलेल्या पाचही झाडल्या. दर वेळी आधी डोळे मिटले, मंग चाप ओढला.

परीक्षा घेणारे मोठे साहेब टारगेट बघून आले. ते कोरं होतं, पण मला तेव्हा कळलं नाही. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी काहीतरी विचारलं. विचारताना नजर जरा दादांकडं गेली. मला वाटलं, हे कोण म्हणून विचारतायत. मी छाती काढली आणि, स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता म्हणून, ओरडूनच सांगितलं, "साहेब, हे माझे वडील. आज जे काही झालं, ते यांच्यामुळंच!"

साहेबांनी तोंडाला रुमाल लावला आणि आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. पुढं मी पास झालो, ते सोडा.

संध्याकाळी एसटी स्टँडवर कान जरा मोकळे झाले. मी दादांना विचारलं, "साहेब काय म्हणाले होते?"

"म्हन्ले, सहातली एक बी लागली न्हाई. हे कुणामुळं झालं?"

दादांनी माझ्या कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"चारचौघांत बापाचं नाव काढलंस, बाबा," ते म्हणाले. "पन आधी एक तरी गोळी लागू द्यायची व्हती."