दादाने भंगारात दिलेली डबी

आमच्या घरच्या बोलीतले शब्द बाबांनी कित्येक वर्षे गोळा केले. ते शाळेत शिक्षक, घरची केळीची वाडी. वाडीत, लग्नघरात, बाजारात जुना शब्द कानावर पडला की घरी येऊन टीव्हीला जोडलेल्या होम कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि कॅसेटवर साठवायचे. त्यात देवनागरी नव्हती. सगळे रोमन अक्षरांत. ‘ळ’ आला की L लिहून पुढे फुली.

कॉम्प्युटरच्या मागे एक काळी डबी लागायची, बाबांनी स्वतः सोल्डर केलेली. सिरियल पोर्टची. मशीनमधली अक्षरे ती एकामागून एक वायरीतून बाहेर सोडायची. तिच्याच जोरावर बाबा शाळेच्या प्रिंटरवर पाने काढत.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कॅसेटना बुरशी धरू लागली होती, म्हणून मी शब्द लॅपटॉपवर घ्यायचे ठरवले. कपाट उघडले तर मशीन होते, डबी नव्हती.

‘‘ती? भंगारवाल्याला दिली,’’ वरच्या मजल्यावर राहणारा माझा दादा म्हणाला. ‘‘रंगकाम काढलं होतं ना. कचरा होता नुसता.’’

‘‘बाबांना विचारलंस?’’

‘‘ते काय सांगणार होते?’’

हे तो बाबांच्या समोर बोलला. त्यांची वाचा गेली होती, कान नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिक पॅनेलचे वायरिंग करते. दादाचा तो भंगारवाला आमच्या गाळ्याच्या मागेच. त्याने ढिगातून डबी काढून दिली. तांब्यासाठी वायरी कापलेल्या, आतली सर्किटची पट्टी दुभंगलेली. ‘‘ताई, भाईने दिया, हमको क्या मालूम?’’ त्याच्यावर काय चिडणार?

‘‘टीव्हीवर शब्द दिसतात ना, त्यांचे फोटो काढ मोबाइलने,’’ दादाने सल्ला दिला.

‘‘आणि ते बघून टाइप कोण करणार? तू?’’

‘‘मला वेळ कुठे आहे?’’

मग मी नवी डबी बनवायला बसले. रोज कामावरून आल्यावर, बाबांच्या खुर्चीशेजारी. संताप इतका की पहिले दोन जोड मीच जाळले. तिसऱ्या प्रयत्नात सगळे जोडले, तरी लॅपटॉपवर काहीच येईना. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटे एकमेकांवर चढवली. मला कळेना. त्यांनी चिडून खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला आणि पुन्हा तीच बोटे दाखवली. पाठवायची आणि घ्यायची वायर उलटसुलट करायची होती! केली. आता अक्षरे आली, पण सगळा कचरा. बाबांनी तळवा हळूहळू खाली आणला. मी लॅपटॉपचा अक्षरे घेण्याचा वेग कमी करून मशीनच्या वेगाशी जुळवला.

शब्द येऊ लागले. एकाखाली एक, शांतपणे. बाबा पडद्याकडे बघत ओठ हलवत होते.

दोन कॅसेटी बुरशीने पार गेल्या, बाकीच्या निघाल्या. मी यादी दादाला पाठवली. तासाभरात त्याने ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली: ‘आम्ही बाबांचा शब्दसंग्रह वाचवला.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी खाली लिहिले, ‘डबी भंगारात कोणी दिली, तेही लिही.’

आठवडाभर दादा खाली उतरला नाही. उतरला तेव्हा बाबांनी डावा हात पुढे करून त्याला जवळ बसवून घेतले. मी उठून आत गेले.