फळ्यावरची आजची चूक

ताई रोज फळ्यावर एक चूक करायची. मुद्दाम. सिहोऱ्याच्या पुढे एका गावात ती गणित शिकवायची आणि सहावी-सातवीची पोरं त्या चुकीसाठी टपून बसलेली असायची. ज्याला चूक सापडेल त्याच्या हातात खडू, आणि पुढचं गणित त्यानंच शिकवायचं. ताई त्याच्या जागेवर जाऊन बसायची.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण चूक निवडण्यात ती फार चोखंदळ होती. बेरजेत हातचा विसरणं तिला चालायचं नाही. "तो नुसता धांदरटपणा झाला," ती म्हणायची. "चूक अशी पाहिजे का पोट्ट्याले खरी वाटली पाहिजे." म्हणून ती अर्धी भाकर अधिक पाव भाकर मांडायची, वरचे आकडे वर मिळवायची, खालचे खाली, आणि उत्तर लिहायची दोन षष्ठांश. वर्ग विचारात पडायचा. मग एखादा पोरगा उठून म्हणायचा, "मॅडम, अर्ध्यातलीच भाकर कोणी खाल्ली जी?" हसण्यात अपूर्णांक कळून जायचे. नियम मात्र पक्का होता. एका तासाला एकच चूक.

मी तिची धाकटी बहीण, भंडाऱ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझी पोरं फळ्यावरचा प्रोग्राम जसाच्या तसा टाइप करायची आणि चालला नाही की माझ्याकडे बघायची. मी वैतागून ताईला फोन केला, तर तिनं मलाच झापलं. "तू त्यांले सारं बरोबरच दाखवतेस. मंग ते पाहतीन कायले?" दुसऱ्या दिवशी मी गुणपत्रिका छापायचा प्रोग्राम दिला आणि त्यातला लूप मुद्दाम एक फेरा कमी फिरेल असा ठेवला. छापून आलं तेव्हा शेवटच्या रोल नंबरची पोरगी उभी राहिली. "मॅडम, मी कुठं गेली?" सगळा वर्ग तिला शोधायला प्रोग्रामवर तुटून पडला. इतकी वर्षं शिकवून मला जे जमलं नव्हतं, ते ताईच्या एका वाक्यानं झालं होतं.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, पाय परत आला. आकडे आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली तेवढीच जागा दुखावली आहे, हळूहळू सुधारेल किंवा नाही. असलं उत्तर माझ्या पोरांनी पेपरात लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. मी तिला नदीपलीकडे कारध्याला माझ्या घरी आणलं. रोज संध्याकाळी आम्ही चिंचोके घेऊन बसायचो. सात आणि पाच किती, तर ती ठामपणे सांगायची, अकरा. बेरीज कशी करायची हे तिला अजून माझ्यापेक्षा छान सांगता यायचं. फक्त तोंडातून भलताच आकडा निघायचा आणि तो भलता आहे हे तिला दिसायचं नाही. तेच मला सहन व्हायचं नाही. शेजारणी येऊन म्हणायच्या, "बोलते, चालते, आता काय पाहिजे?" त्यांना चिंचोके फेकून मारावेसे वाटायचे.

ताईचं एकच चाललेलं, "मले वर्गात जाऊ दे. तिथं येईन मले." शेवटी तिच्या हेडमास्तरांनी मोठ्या मनानं एक तास घेऊन पाहायला सांगितलं. जमलं तर रुजू व्हा, नाही तर निवृत्तीचा अर्ज द्या. मी रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले.

ती वर्गात शिरली तशी पोरं बाकांवर उभी राहून ओरडली. मी मागच्या बाकावर बसले. ताईनं फळ्यावर धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा काढला, अठरा मीटर लांब, बारा मीटर रुंद. आधी क्षेत्रफळ. अठरा दुणे छत्तीस लिहिले, अठरा दाहे एकशे ऐंशी लिहिले. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं त्यांची बेरीज लिहिली, दोनशे सहा.

"चुकलं जी मॅडम! दोनशे सोळा!" चारी बाजूंनी हात वर. ताई क्षणभर फळ्याकडे बघत राहिली, मग हसली. "शाबास." टाळ्या पडल्या. पोरांना वाटलं, आजची चूक सापडली. मला माहीत होतं, ताई बेरजेत कधीच चूक लपवायची नाही.

चूक सापडलेल्याच्या हातात खडू द्यायला ती विसरली आणि पुढे गेली. आता बांधीभोवती तार लावायची, तर किती लागेल? अठरा आणि बारा तीस. त्याची दुप्पट तिनं लिहिली, पन्नास.

काही हात वर झाले. पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती, तिचा हात सगळ्यात आधी वर गेला होता. तो तिथंच थांबला. आजची एक चूक तर होऊन गेली होती. तिनं शेजारणीकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. मग एकेक करून सगळेच खाली आले.

ताई वळली. "झालं बरोबर?"

"हाव जी मॅडम," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

त्या सुरानंच घात केला. ताईच्या वर्गात कधी कुणी एका सुरात काही म्हणालं नव्हतं. तिनं खडू धरलेला हात खाली सोडला आणि त्या मुलीजवळ गेली.

"तुले दिसलं होतं ना? मंग बोलली काहून नाही?"

मुलगी आधी रडायलाच लागली. मग म्हणाली, "हेडमास्तर सर म्हणले, आज बरोबर जमलं तरच मॅडम परत येतीन."

ताईनं तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि तिच्या हातात खडू ठेवला. मुलगी हुंदके देत फळ्याकडे गेली. पन्नास पुसून तिनं साठ लिहिले. ताई तिच्या जागेवर जाऊन बसली.

"बरोबर," ताई म्हणाली. "असं चूक पाहून चूप नाही राहायचं, बाई. माझी असली तरी."

अर्ज तिनं हेडमास्तरांच्या टेबलावरच लिहिला. त्यांनी चहा मागवला होता, तो आम्ही दोघींनी प्यायला. परतताना गाडीत तुमसर गेलं, भंडारा आलं. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"साठच होते ना वं?"

म्हणजे त्या पोरीला तिनं बरोबर म्हटलं, तेव्हा तिला ते ठाऊकच नव्हतं. पोरीच्या भरवशावर म्हटलं होतं.

"हाव ताई. साठच."

"नुसतं हाव नको म्हणू," ताई म्हणाली. "कसं आलं ते सांग."

मी सांगायला लागले. अठरा आणि बारा तीस, बांधीच्या दोन बाजू झाल्या, समोरच्या दोन राहिल्या. ती बाहेर पाण्याकडे बघत ऐकत होती. पूल संपला तरी तीसचे साठ कसे झाले ते तिला कळलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.