नापास मास्तरांचं नूतनीकरण

दुसरा पूल ओलांडला तेव्हा धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता आणि तिचा धीरही. थोरला भाऊ मात्र फाइल बगलेत मारून दहा पावलं पुढे. निम्मी वाट अजून बाकी होती. बस मिळत असताना पायी जायचं, हे खूळ त्याचंच.

"दादा, पाचला त्या कार्यालयाची खिडकी बंद होते."

"पावणेपाचला पोचतो."

"आणि पोचून करणार काय?"

"ते तर तूच वाटभर सांगते आहेस."

सांगत होतीच. अग्निशमन दलात नव्या भरतीला शिकवणाऱ्या या भावाचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आज संपत होतं. दर तीन वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागतं. नाही केलं तर शिकवणं बंद. यंदापासून नियम असा, की शिकवलेल्या विसांपैकी निदान अठरा पास झालेले हवेत. नियम करणाऱ्याने जन्मात कधी आग पाहिली असेल तर ती गॅसच्या शेगडीवर. मास्तरांनी सतराच पास केले होते. उरलेल्या तीन नापासांत एक होती धाकटीची मुलगी, त्याची सख्खी भाची.

एक शेरा बदलला की मामाचा कागद वाचतो आणि भाचीला नोकरी लागते. शेंबड्या पोरालाही सुटेल असं गणित. पण दलात या माणसाला नापास मास्तर म्हणत, ते उगीच नाही.

वीस वर्षं तो गाडीवर होता, चौदा शिकवण्यात. डाव्या कानाची पाळी भाजून आक्रसलेली. कुणाकडेही गेला की आधी दारं बघणार, मग माणसं. धाकटीच्या नव्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा "घर छान आहे" म्हणायच्या आधी त्याने कपाट ढकलून खिडकी मोकळी केली होती. वहिनी होती तोवर हसून सावरून घ्यायची. ती गेली, आणि हा आणखीच दगड झाला.

तो घ्यायचा ती परीक्षा एका धुराच्या खोलीत व्हायची. मास्कची काच काळ्या कापडाने झाकायची, आत शिरायचं, आणि जमिनीवर पसरलेल्या होज पाइपाला धरून रांगत बाहेर यायचं. पाइपाचा जोड बोटांनी चाचपला की कळतं, बाहेरची बाजू कुठली नि आगीची कुठली. भाची शिडीवर पहिली, धावण्यात पहिली. आणि या खोलीत तिन्ही वेळा ती झपाझप निघाली, ती आगीच्या बाजूला.

"एवढ्याशा जोडापायी माझ्या पोरीचं वर्ष घालवलंस," धाकटी म्हणाली. "चार महिने झाले, मामा म्हटलं की ती खोलीतून उठून जाते."

"ती चाचपत नाही. मनाशी ठरवते, आणि सुटते."

"रक्ताची भाची आहे तुझी!"

"म्हणून तर तिसरी संधी दिली. बाकीच्यांना दोनच दिल्या."

हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, "मोठे उपकार!" आणि मनातल्या मनात देवाला विनवलं, बाबा रे, याची मान आज एकदाच वाकव, पुन्हा काही मागणार नाही.

सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तिने दुसरा मार्ग धरला. "बाकी सगळे करतातच ना? तुझ्याबरोबरचे?"

"करतात की. मागच्या महिन्यात सव्वाशे प्रशिक्षक एका सभागृहात कोंबले होते. नूतनीकरणाचा अभ्यासवर्ग. विषय काय, तर यशाची मानसिकता. शिकवणारा गुळगुळीत, कोटाला पिन लावलेला. दुपारी आगीची घंटा वाजली."

"मग?"

"मग तो म्हणाला, बसा बसा, चाचणी असेल. सव्वाशे आगवाले बसून राहिले. पेंगत."

"आणि तू?"

"मी बाहेर गेलो. माझी अर्ध्या तासाची हजेरी कापली."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याचाच तिला राग आला. हसली की भांडण ढिलं पडतं.

नूतनीकरण कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. भावाने आधी दारं पाहिली. संकटात उतरायच्या जिन्यापुढे जुन्या फायलींचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावर कुणीतरी आपली टोपी अडकवली होती. कक्षप्रमुख मात्र लोण्याचा गोळा.

"या मास्तर, या! तुमचे अभ्यासवर्गाचे चाळीस तास भरायला अर्धा तास कमी पडतो, पण तिकडे मी डोळेझाक केली. आपलीच माणसं. आता हे तेवढं एक." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "तुम्हाला त्रास नको, खाडाखोड नको. नवा तक्ता छापूनच ठेवलाय. खाली सही करा, झालं."

धाकटीने वाकून पाहिलं. वीस नावं. सतराच्या पुढे उत्तीर्ण, आणि तिच्या लेकीच्या नावापुढेही उत्तीर्ण, सुबक ठळक अक्षरात. चार महिने जो शब्द वाचायला ती तळमळली होती, तो हाच.

भावाने तक्ता वाचला, पालथा ठेवला आणि फाइलमधून स्वतःचा काढला. कोपऱ्यावर काजळी लागलेला. "माझा हा आहे. सतरा."

"अहो, उगाच हट्ट!" कक्षप्रमुख हसले. "तुम्ही नाही दिलं तरी ती पोरं अडून राहणार आहेत का? सोमवारी तिघांची फेरपरीक्षा लावतो. नवे प्रशिक्षक घेतील. हुशार आहेत, तुमच्या खोलीबिलीची गरज नाही. सभागृहात, पडद्यावर. चार पर्याय, एक बरोबर."

"आणि धूर?" धाकटीने विचारलं.

"धुराचं चित्र असतं ना, ताई! एकदम खऱ्यासारखं. आता तुम्हीच समजवा यांना."

सहीचं पेन कक्षप्रमुखांनी आता तिच्यापुढे धरलं, भावाला द्यायला. खुर्चीत बसून धुराचं चित्र बघणारी लेक तिला दिसली, मग खरा धूर, आणि कुणालाही न विचारता झपाझप रांगत आत, आत जाणारी लेक.

"पेन ठेवा तुमचं," ती म्हणाली.

पाच वाजता खिडकी बंद झाली. चौतीस वर्षं दलात काढलेला माणूस उद्यापासून भांडारात हेल्मेटं मोजणार, असं एका शिक्क्यात ठरलं. शिक्का उमटला मात्र पुसट. कक्षप्रमुखांनी तो फुंकर घालून दुसऱ्यांदा मारला, नीट. अशा कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

खाली पायऱ्यांवर भाऊ टेकला. फाइल मांडीवर. म्हातारा दिसत होता, पहिल्यांदाच.

"सोमवारी ती पास होईल," तो म्हणाला.

"होईल."

"आठवडाभरात गाडीवर असेल."

धाकटीने तुटायला आलेली चप्पल काढून हातात घेतली.

"धाकटे, रविवारी तिला माझ्याकडे घेऊन ये. घरामागे होज पसरून ठेवतो, सात-आठ जोडांचा. माझ्याकडे आता कागद नाही, शिकवायचा अधिकार नाही, हेही सांग तिला, लपवू नकोस. येत नाही म्हणेल. तरी आण." त्याने कानाची आक्रसलेली पाळी चोळली. "डोळ्यांवर पट्टी मात्र तू बांध. माझ्या हातून ती बांधून घ्यायची नाही. आणि घट्ट बांध. तू फट ठेवशील, मी ओळखतो तुला. ठेवू नकोस."