बापाशी दोन हात

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात कुणालाही शलाका तनपुरेबद्दल विचारा. आधी कौतुकानं मान हलवतील आणि मग आवाज खाली आणतील. कौतुक यासाठी, की अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या, त्यांच्यापुढे आखाड्यांचे खेळ चालायचे आणि त्यात ही पोरगी फ्रॉकात होती तेव्हापासून तलवार फिरवायची. आवाज यासाठी खाली, की तिनं सख्ख्या भावाचं नाव पोलिसांना सांगितलं. एवढं ऐकलं की लोक निकाल देऊन मोकळे. कुणी म्हणतं वाघीण, कुणी म्हणतं घरभेदी. दोघांच्याही तोंडाला कुलूप लावावं. त्या पोरीला ना वाघीण व्हायचं होतं ना घरभेदी. तिला घरी जायचं होतं, बास.

तिचे वडील जयसिंगराव, आखाड्याचे उस्ताद. कडक माणूस, पण हाताला असा सफाईदार की तलवार फिरताना दिसायची नाही, नुसती वाऱ्याची शीळ ऐकू यायची. मुलाला शिकवून झालं, मग मुलीला घेतलं. लोकांनी नाकं मुरडली. जयसिंगराव म्हणाले, नाक तुमचं, मुलगी माझी. थोरल्या उन्मेषच्या अंगात ताकद होती, सबुरी नव्हती. शलाकाच्या मनगटात दोन्ही होतं, आणि बापाला ते लपवता यायचं नाही. तिचा हात चुकला की ते ओरडायचे आणि बरोबर आला की मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्यासाठी ती पहाटे उठायची.

आखाड्याचा एक नियम होता. शिष्यानं उस्तादावर शेवटचा वार पूर्ण जोरानं करायचा आणि अंगाला लागायच्या आधी बोटभर अंतरावर थांबवायचा. मग तलवार जमिनीवर ठेवून उस्तादाच्या पाया पडायचं. लागलेला वार कसाईही करतो, रोखलेला वार आपला, असं जयसिंगराव सांगायचे, आणि ज्याला रोखता आला नाही त्याला ते महिनोन्‌महिने नुसती माती खणायला लावायचे.

मग हे घर बिघडलं कसं? जसं कुठलंही बिघडतं, हळूहळू आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गिरण्या कधीच बंद पडलेल्या, आखाड्याला देणगी देणारे हात आखडलेले. अशात जुन्या जागा विकत घेणारे लोक आले. त्यांना त्या जागांवरचे भाडेकरू हटवून हवे होते. उस्तादजी, आपके लडके बस खडे रहें, म्हणाले. पोरं नुसती उभी राहिली. मग उभं राहून शिव्या द्यायला लागली, मग कुणाचं सामान रस्त्यावर टाकलं, मग उन्मेष कमरेला खरी तलवार लावून जायला लागला. घरात फ्रिज आला, वर खोली चढली. शलाकाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. त्या फ्रिजमधलं पाणी तीही पीत होती.

एका दुपारी उन्मेष फोन घरी विसरला म्हणून ती स्कूटीवर तो द्यायला गेली. धनेश नावाचा भाडेकरू, विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, त्याच्या दुकानापुढे आखाड्याच्या पोरांचा घोळका होता. धनेश दार सोडत नव्हता. दोन्ही हातांनी चौकट धरून उभा. उन्मेषनं वार करायला तलवार उगारली. शलाकाला वाटलं दादा थांबवेल, बोटभर अंतरावर थांबवेल. दोघंही एकाच मातीत शिकलेले ना. त्यानं थांबवला नाही. धनेशची बोटं गेली. तिनं ओढणीनं त्याचा हात बांधला, स्कूटीवर मागे बसवला आणि दवाखान्यात नेलं. तिथं पोलिसानं विचारलं, किसने मारा? ती म्हणाली, मेरे भाई ने. एवढंच. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं, विचारलं म्हणून खरं तोंडातून निघालं.

संध्याकाळी तिची बॅग पायरीवर ठेवलेली होती. जयसिंगराव ओरडले नाहीत. ज्या घराचं नाव चौकीत दिलंस, तिथं तुझं काय काम, एवढं म्हणून दार लावलं. आत आई, कुमुदिनी, रडत होती ते बाहेर ऐकू येत होतं.

तेव्हापासून शलाका पोलोग्राउंडमागे एका खोलीत राहते. एका शाळेत मुलींना लाठी शिकवते. पोटापुरतं होतं, पण जिवाला काही पुरत नाही. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद कालवतात, तो वास तिला भर बाजारात अचानक यायचा आणि ती उभीच्या उभी राहायची. आईसारखी चिंचगुळाची आमटी तिनं करून पाहिली. सगळं घातलं, तरी ती आमटी आईची काही झाली नाही. कुठलाही सण आला की स्कूटी आपोआप परदेशीपुऱ्याकडे वळायची, आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लागायचा. आई अधूनमधून बाबा आखाड्यात असताना चोरून फोन करायची. काय जेवलीस, विचारायची. घरी ये, असं मात्र तिला म्हणता यायचं नाही, आणि शलाकाला नेमकं तेच ऐकायचं असायचं.

असं असताना मुंबईहून एक युनिट आलं. पोलोग्राउंडला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये त्यांची मारधाडीची वेब सीरिज चालू होणार होती. आता गंमत बघा नशिबाची. कथा काय, तर एक तरुण तलवारबाज मुलगी आपल्याच गुंड बापाशी आणि भावांशी लढते. हिरॉइनला तलवार धड धरता येत नव्हती, म्हणून तिच्या जागी लढायला, पाठमोरी उभी राहायला शलाका. तिचा चेहरा कुठं दिसणार नव्हता. फाइट मास्टर अशोकजींनी तिला कथा सांगितली तेव्हा ती आधी हसली, मग तोंड धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी काय होतं, तिनं नंतर विचारलं. बाप मरता है, अशोकजी म्हणाले. वा! लिहिणाऱ्यांचं बरं असतं, बाप मारला की गोष्ट संपते.

पडद्यावरच्या बापालाही लढायला बदली माणूस लागणार होता, वयस्क आणि हाताचा पक्का. अशोकजींनी गावात चौकशी केली. ज्याला विचारावं तो एकच नाव घेई. आणि जयसिंगराव आले. समोर कोण लढणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी आले. काळा अंगरखा, खोटी दाढी, पण चपला काढून भिंतीशी जोडीनं लावायची तऱ्हा तीच. शलाकानं ती लांबूनच ओळखली.

तालीम चालू झाली. बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलेनात. अशोकजी, इनसे बोलिए एक कदम पीछे लें, जयसिंगराव म्हणायचे. अशोकजी, उनको बोलिए मुझे पता है, शलाका म्हणायची. अशोकजींचा बिचाऱ्यांचा नुसता टपालवाला झाला.

मग शॉट लागला. दिवे लागले, धूर सोडला. पहिल्या वाराला वार भिडला, आणि सांगायला नको पण शलाकाला आनंद झाला. ऊर भरून आनंद. तलवारी ॲल्युमिनियमच्या होत्या, बाप खरा होता. ते डावीकडून येणार हे तिला ते हलायच्या आधी कळत होतं, ती कधी बसणार हे त्यांना कळत होतं. दोन वर्षांचा अबोला होता, पण हातांना तो कुणी सांगितलाच नव्हता. बघणारे स्पॉटबॉय चहाचे ट्रे धरून तसेच उभे राहिले.

शेवटचा वार तिनं खांद्यावर मारायचा होता. तिथं कपड्याखाली लाल रंगाची पिशवी बांधलेली, ती फुटायला हवी होती. शलाकानं पूर्ण जोरानं वार केला आणि तो बोटभर अंतरावर थांबला. तिनं तलवार खाली ठेवली आणि विगसकट वाकून त्या खुनशी खलनायकाच्या पाया पडली.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. अरे, ये विलन के पैर क्यों छू रही है, म्हणाला. सगळे खो खो हसले. जयसिंगराव हसले नाहीत. त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला होता आणि तिथंच राहिला होता. मग ते वाकले, तिला उठवल्यासारखं करून कानाशी बोलले.

"घरी चल, पोरी. आई झुरून राहिली आहे तुझ्यासाठी. कोर्टात तारखेला एवढंच म्हण, गर्दी होती, नीट दिसलं नाही."

ज्या शब्दांसाठी तिचा इतके दिवस जीव तुटत होता, ते आले. आले ते असे, गळ्यात धोंडा बांधून. तिला हो म्हणायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आत्ता, याच कपड्यात, बाबांच्या मागे बसून जावं, आमटी-भात खावा आणि आईच्या अंथरुणात झोपावं. हो तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"बाबा, दादानं वार रोखला नाही," ती म्हणाली.

"भाऊ आहे तो तुझा."

"हो. आणि तुमचा शिष्य."

जयसिंगरावांनी हात काढून घेतला. अशोकजींना ते म्हणाले, चलिए, दुबारा लीजिए.

दुसऱ्या वेळी तिनं वार थांबवला नाही. पिशवी फुटली, बापाच्या छातीवर लाल रंग पसरला, ठरल्याप्रमाणे ते कोसळले. टाळ्या पडल्या. कुणीतरी शलाकाच्या मुठीतून तलवार सोडवून घेतली. तिनं वळून पाहिलं तोवर जयसिंगराव नळाखाली दाढीचा गोंद धूत होते. चपला घालून निघून गेले.

कोर्टात उन्मेषच्या वकिलानं तिला खूप फिरवलं. घरावर डोळा आहे का, भावाचा राग होता का, ऊन डोळ्यांवर येत होतं ना. मागच्या बाकावर जयसिंगराव गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. शलाका म्हणाली, दिसलं, स्वच्छ दिसलं. उन्मेषला शिक्षा झाली. नेताना त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लहानपणी माती खणायची शिक्षा झाल्यावर बघायचा, अगदी तसं. जयसिंगराव तिच्या शेजारून गेले, पण रस्त्यावरच्या परक्या बाईला वाट द्यावी तशी वाट देऊन गेले. त्या अनंत चतुर्दशीला ढोलांचा आवाज तिच्या खोलीपर्यंत आला. तिनं खिडकी लावली, मग उघडली आणि ढोल पुढे सरकेपर्यंत गजाला धरून उभी राहिली.

पुढे ती सीरिज आली. इंदूरच्या लोकांनी त्यात आपला कारखाना ओळखला, आपला चहावाला ओळखला. शलाकाला कुणी ओळखलं नाही, कसं ओळखणार? मग एका दुपारी आईचा फोन आला.

"सारखं तेच लावून बसतात गं मोबाइलवर," कुमुदिनीबाई सांगत होत्या. "तुमची दोघांची लढाई. तोंड दिसतं त्या नटीचं, आणि हे तुझ्या पायांकडे बघत बसतात. नाव नाही घेत तुझं, खोटं कशाला बोलू. पण काल काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणे, वार करताना हिचा उजवा खांदा पडतो. आणि ते किती मोठ्यानं! मी तिथंच ओट्याशी उभी. दोनदा म्हणाले. मी काय बहिरी आहे?"

शलाका खाली बसली. आई चोरून फोन करते हे बाबांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मुलगा तुरुंगात आणि मुलीला घरी ये म्हणायचं, हे त्या माणसाच्यानं या जन्मी होणार नव्हतं. जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं होतं, आई पोचवेल म्हणून. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"ऐकून राहिली आहेस ना?" आईनं विचारलं.

"हो," शलाका म्हणाली. "अजून काय म्हणाले?"