चहाबरोबर घेतलेल्या गोळ्या

"गुळयो खंय उडयल्यो गो? सांग सगळ्यांक."

टीचरनी मला फळ्यापुढे उभं केलं होतं. नववीचा वर्ग. बोटाला टोचलेल्या जागी कापूस दाबून मी उभी. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी सगळ्या मुलींचं रक्त तपासलं आणि टीचरनी हिमोग्लोबिनचे आकडे मोठ्यानं वाचले. माझा आठ. त्याआधी तन्वीचा साडेबारा, आणि तिच्यासाठी टाळ्या. रक्ताला टाळ्या!

"कुठेच टाकल्या नाहीत. खाल्ल्या," मी म्हटलं.

"खाल्ल्या म्हणे. ह्या घाट्यांक कितेंय दी, उपेग ना," टीचर नर्सताईंना म्हणाल्या. मग मला, "फेकल्या म्हणून सांग आणि जाग्यावर बस."

घाटी म्हणजे आम्ही, घाटावरून आलेले. बाबा चंदगडकडून इथं गोव्यात, डिचोलीच्या कारखान्यात कामाला आले, मागोमाग आम्ही. कारखान्यामागच्या खोल्यांत राहतो. तो शब्द कानाला सवयीचा झाला होता. पण खोटारडी मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

कारण ती एक गोष्ट मी मन लावून केली होती. शाळेतून महिन्याला लोहाच्या चार निळ्या गोळ्या मिळायच्या. आठवड्याला एक, घरी घ्यायची. मळमळायचं. शौचाला काळं व्हायचं, तेव्हा आई घाबरली. शेजारची काकू म्हणाली, ह्यानं पुढं मूलबाळ होत नाही. तरी मी सोडली नाही. तन्वीमुळे.

तिला बघून माझ्या पोटात दुखायचं. तिच्या सायकलचा हेवा नव्हता मला, दप्तराचाही नव्हता. नखांचा होता. गुलाबी नखं. खो-खोत पळून आली तरी ती बडबडत राहायची, आणि मी जिना चढले की कठडा धरून उभी. बाकावर तिचा हात माझ्या हाताशेजारी आला की मी माझा खाली घ्यायची. मला तिच्यासारखं रक्त हवं होतं. म्हणून दर सोमवारी गोळी, न चुकता.

"कशाबरोबर घेतेस?" नर्सताईंनी विचारलं. हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

"चहाबरोबर. रिकाम्या पोटी नको, चहासंगट घे, म्हणते आई. उंडा पाव बुडवून खाते, मग घोटाबरोबर गोळी."

वर्ग फिदीफिदी हसला. तन्वी सगळ्यात मोठ्यानं. "चायेवांगडा!" ती म्हणाली. "चायेवांगडा घेतल्यार लागू पडना गो. लिंबाच्या उदकावांगडा घेवंक जाय. म्हाका मामान सांगलां." तिचा मामा पणजीला डॉक्टर.

नर्सताई हळूच म्हणाल्या, तिचं बरोबर आहे. चहामुळे लोह अंगाला लागत नाही. गोळी आणि चहा यांत दोन तास तरी जाऊ द्यावेत.

वर्षभर. वर्षभर मी मळमळ सोसली आणि सगळं चहात घालवलं. हिला मामा आहे. मला कोण? जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी वर्गात सगळें सांगिल्लें," टीचर म्हणाल्या. "लक्ष खंय आशिल्लें तुजें?"

तेव्हा आठवलं. डॉक्टर आले त्या दिवशी मी वर्गात नव्हतेच. शाळेत पाहुणे आले की टीचर खोल्यांवरच्या आम्हा तिघींना उठवायच्या. खुर्च्या मांडा, पाणी भरा, चहाचं बघा. तुम्हाला कामाची सवय आहे, म्हणायच्या. तन्वीला कधी उठवलं नाही. आणि आम्ही मूर्ख, तास बुडाला म्हणून खूश व्हायचो.

"टीचर, त्या दिवशी तुम्ही मला कप धुवायला पाठवलं होतं."

"मी फेकल्या नाहीत. मला सांगितलंच नाही कोणी." मी पुढं म्हटलं.

उलट बोलते म्हणून दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. काम अर्धं टाकून ती आली आणि तिनं हात जोडले. "चुकलं पोरीचं, बाई." टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. मी हात जोडले नाहीत.

पुढच्या महिन्यात डॉक्टर पुन्हा आले, मुलींशी पाळीबद्दल बोलायला. टीचरनी दारातून बोट केलं. बाकीच्या दोघी अर्ध्या उठल्या होत्या. मी त्यांच्या ओढण्या धरून त्यांना खाली बसवलं.

"चाय कोण करतली?"

"माहीत नाही, टीचर. आम्ही ऐकायला बसलोय."

आता मी अकरावीत आहे. तन्वीचा हेवा गेलेला नाही, आणि तो मला घालवायचाही नाही. तिला जे जेवताना घरात कळतं, ते मला चारचौघांत विचारून घ्यावं लागतं. मग विचारणार. प्रत्येक गोळीचं, प्रत्येक सुईचं, सही करायला दिलेल्या प्रत्येक कागदाचं. कशासाठी, कशी घ्यायची, नाही घेतली तर काय. हसा. घाटी म्हणा. उत्तर मिळाल्याशिवाय मी जागची हलणार नाही.